तराजूतील आत्मा

इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांत कल्याणच्या व्यापाऱ्यांनी कान्हेरीच्या लेण्यांना दिलेली दाने तेथील शिलालेखांत नोंदलेली आहेत. ज्या भिक्षूंना ती मिळाली त्यांचा धर्म पुनर्जन्म मानतो, पण नित्य आत्मा मानत नाही. या धर्माच्या दीघनिकाय ग्रंथात पायासी या संशयी अधिपतीची कथा येते. देहावेगळा जीव असतो का, हे पाहण्यासाठी त्याने एका चोराला जिवंतपणी तोलले, जखम न करता धनुष्याच्या दोरीने मारले आणि पुन्हा तोलले. प्रेत जड भरले! प्रयोग क्रूर खराच. पण असा प्रश्न तराजूत घालण्याचे त्याचे धाडस आम्हाला विलक्षण वाटते. यावर भिक्षू कुमार कस्सप म्हणतो की, तापलेला लोखंडी गोळाही थंड गोळ्याहून हलका असतो. हे विधान शाळेच्या प्रयोगशाळेतही तपासता येईल. ते चूक आहे.

अमेरिकेतील डॉ. डंकन मॅकडूगल यांनी मरणासन्न रुग्णांना खाटेसह तोलून १९०७ साली निष्कर्ष छापले. एका रुग्णाचे वजन सुमारे २१ ग्रॅमने घटले होते. हाच आकडा पुढे गाजला. रुग्ण मात्र सहाच होते. त्यांपैकी दोघांची निरीक्षणे त्यांनी स्वतःच बाद केली आणि उरलेल्यांची एकमेकांशी जुळली नाहीत. मृत्यूचा नेमका क्षण कोणता, हेही त्यांना नीट ठरवता आले नव्हते.