भगिनी शहरे

भगिनी शहरे : वेगवेगळ्या देशांतल्या दोन गावांनी किंवा शहरांनी कायमची मैत्री ठेवण्यासाठी केलेला लेखी करार आणि त्या करारामुळे सुरू होणारी माणसांची ये-जा. इंग्लंड-फ्रान्समध्ये अशा गावांना जुळी गावे म्हणतात, अमेरिकेत सिस्टर सिटी. मराठीत भगिनी शहरे हे नाव रुळले आहे. करारावर सह्या महापौरांच्या असतात. तो चालतो मात्र शाळा, गायनमंडळे, क्रीडासंघ आणि पाहुण्यांना आपल्या घरात उतरवून घेणारी कुटुंबे यांच्या जिवावर. महाराष्ट्रात मुंबईचे असे करार १९६० च्या दशकापासूनचे आहेत. पुण्याचे थोडे उशिराचे असले तरी त्यांतले काही आजही नांदते आहेत.

या प्रथेची मुळे पहिल्या महायुद्धाने उद्ध्वस्त केलेल्या उत्तर फ्रान्समध्ये सापडतात. खंदक आणि तोफांच्या माऱ्याने तिथली शेकडो खेडी जमीनदोस्त झाली होती. १९२० मध्ये ब्रिटनमध्ये ‘ब्रिटिश लीग ऑफ हेल्प’ ही संस्था निघाली आणि तिने इंग्रज शहरांना एकेक फ्रेंच गाव दत्तक घ्यायला लावले. बर्मिंगहॅमने आल्बेर घेतले. शेफील्डने बापोम आणि सेर घेतले. यामागे हिशेब नव्हता, दुःख होते : १ जुलै १९१६ रोजी सोमच्या लढाईच्या पहिल्याच दिवशी शेफील्डच्या तरुणांची पलटण सेर गावासमोर कापली गेली होती. ज्या मातीत मुलगा पुरला, त्या मातीतले गाव पुन्हा उभे राहावे म्हणून आईबापांनी वर्गणी दिली. यॉर्कशरमधले कीथली हे कापड गिरण्यांचे शहर. त्याने १९२० मध्येच प्वा-द्यू-नॉर या गावाशी नाते जोडले. इंग्रज-फ्रेंच जुळ्या गावांची पहिली जोडी म्हणून या दोघांचेच नाव घेतले जाते.

त्याच भूमीवर महाराष्ट्रातूनही सैनिक गेले होते. पुण्याजवळच्या खडकीला ठाणे असलेल्या बॉम्बे सॅपर्सच्या दोन कंपन्या २८ ऑक्टोबर १९१४ रोजी नव्ह-शापेल गावातल्या घराघरांतून लढल्या आणि त्यांचे बहुतेक सगळे अधिकारी पडले. भारतीय सैनिकांचे मोठे स्मारक आज त्याच गावाजवळ उभे आहे. कीथली आणि शेफील्ड यांनी फ्रेंच गावांशी नाते जोडले, ते खडकीलाही जोडता आले असते. पण त्या काळी आपल्या नगरांच्या हाती तो अधिकार नव्हता.

दुसऱ्या महायुद्धाने या कल्पनेला वेग दिला. १४ नोव्हेंबर १९४० च्या रात्री जर्मन बाँबहल्ल्यात कॉव्हेंट्रीचा मध्यभाग आणि तिथले मध्ययुगीन कॅथेड्रल जळाले. पुढे स्टालिनग्राडच्या वेढ्याच्या बातम्या येऊ लागल्या, तेव्हा कॉव्हेंट्रीच्या ८३० स्त्रियांनी एका टेबलक्लॉथवर आपापली नावे भरतकामाने काढली आणि जमवलेल्या पैशांसह ते कापड रशियाला पाठवले. १९४४ मध्ये ही दोन शहरे रीतसर भगिनी झाली. ते कापड आजही व्होल्गोग्राडच्या, म्हणजे पूर्वीच्या स्टालिनग्राडच्या, संग्रहालयात जपलेले आहे. युक्रेनवरील आक्रमणानंतर, २०२२ मध्ये, कॉव्हेंट्रीच्या नगरपालिकेने हे नाते स्थगित केले.

युद्ध संपल्यावर १९४७ मध्ये ब्रिस्टलने फ्रान्समधल्या बोर्दोशी हात मिळवला. दोन्ही बंदरांत मध्ययुगापासून वाइनचा व्यापार होता, त्यामुळे ही ओळख नव्याने करायची नव्हती. त्याच वर्षी ब्रिस्टलने हॅनोव्हर या जर्मन शहराशीही नाते जोडले. ज्यांच्या विमानांनी आपले शहर जाळले त्यांच्याकडे दोन वर्षांत हात पुढे करायला छाती लागते. १९५१ मध्ये युरोपातल्या नगरपालिकांची परिषद स्थापन झाली, १९६३ मध्ये फ्रान्स-जर्मनीचा एलिझे करार झाला आणि जोड्या हजारोंनी वाढल्या. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी १९५६ मध्ये जनतेने जनतेशी बोलावे असा कार्यक्रम काढला. सिस्टर सिटीची अमेरिकन चळवळ त्यातूनच वाढली.

इंग्रज-फ्रेंच जोडीतला व्यवहार मोठा घरगुती असतो. दोन्ही गावांत एकेक समिती असते. एका वर्षी इंग्रज मंडळी बस करून, समुद्राची खाडी ओलांडून जातात. पुढच्या वर्षी फ्रेंच मंडळी येतात. हॉटेल घ्यायचे नसते. प्रत्येक पाहुणा एखाद्या कुटुंबात राहतो, त्यांच्या टेबलावर जेवतो, मोडक्यातोडक्या भाषेत बोलतो. शाळकरी मुलांची अदलाबदल होते, फुटबॉलचा सामना होतो, चर्चमध्ये दोन्ही गावांचे गायक एकत्र गातात, महायुद्धाच्या स्मारकावर फुले वाहिली जातात. गावाच्या वेशीवरच्या पाटीवर जोडगावाचे नाव कोरलेले असते. दोन-तीन हजार वस्तीच्या खेड्यांनाही अशी जोडी असते, हे यातले सर्वांत महत्त्वाचे.

अलीकडे या समित्या म्हाताऱ्या होत चालल्या आहेत. बिशप्स स्टॉर्टफर्ड या इंग्रज नगराने २०११ मध्ये आपल्या फ्रेंच आणि जर्मन जोडगावांशी असलेला करारच संपवला. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर फ्रेंच मुलांना नुसत्या ओळखपत्रावर येणे अशक्य झाले, प्रत्येकाला पासपोर्ट लागू लागला आणि शाळांच्या सहली घटल्या. पुढे शाळांच्या गटांसाठी नियम सैल करावे लागले, यावरूनच या भेटीगाठींचे मोल दोन्ही सरकारांना कळले होते असे दिसते.

महाराष्ट्राकडे वळले तर मुंबईची यादी लांब आहे : योकोहामा (१९६५), श्टुटगार्ट (१९६८), होनोलुलू (१९७०), लॉस एंजेलिस (१९७२), बुसान (१९७७), शांघाय (२०१४). लॉस एंजेलिसच्या सिटी हॉलजवळ एक दिशादर्शक खांब आहे. त्यावर त्या शहराच्या सगळ्या भगिनींच्या दिशा आणि अंतरे लिहिलेली आहेत. या यादीतली बहुतेक शहरे बंदरे आहेत. योकोहामाशी नाते तर करारापेक्षा जुने. निप्पॉन युसेन या जहाज कंपनीने जमशेटजी टाटांच्या साथीने १८९३ मध्ये जपान-मुंबई मार्ग सुरू केला, तो कापसासाठी आणि इंग्रज जहाज कंपनीची भाड्यातली मक्तेदारी मोडण्यासाठी. योकोहामात रेशमाचा व्यापार करणारे भारतीय व्यापारी होते. १९२३ च्या भूकंपात तिथल्या लोकांनी त्यांना आसरा दिला. त्याची परतफेड म्हणून भारतीय समाजाने यामाशिता बागेत घुमटाकार कारंजे बांधून दिले. मुंबईचा माणूस योकोहामाला गेला तर त्याने ते आवर्जून पाहावे.

पण यादीची लांबी म्हणजे नात्याची खोली नव्हे. महापौर बदलला, शिष्टमंडळ येऊन गेले, की अशी कागदपत्रे बहुधा कपाटात जातात, आणि मुंबईसारख्या प्रचंड शहरात कोणत्याही एका भगिनीची आठवण नागरिकांपर्यंत पोहोचवणे अवघडच. त्यातल्या त्यात श्टुटगार्टशी असलेले नाते हलते-बोलते राहिले. त्या शहरात २००४ पासून भारतीय चित्रपटांचा वार्षिक महोत्सव भरतो. २०१५ मध्ये महाराष्ट्र आणि श्टुटगार्ट ज्याची राजधानी आहे ते बाडेन-व्यूर्टेम्बर्ग राज्य यांच्यातही भागीदारीचा करार झाला. श्टुटगार्टच्या मर्सिडीज मोटारी तोवर पुण्याजवळ तयार होऊ लागल्या होत्याच.

पुण्याची गोष्ट अधिक रंजक आहे, कारण ती तीन बागांतून सांगता येते. जपानमधल्या ओकायामा शहरात कोराकुएन नावाची बाग आहे. तिथला सरदार इकेदा त्सुनामासा याने ती १७०० साली पूर्ण केली. जपानच्या तीन श्रेष्ठ बागांत तिची गणना होते. १९३४ च्या पुरात आणि १९४५ च्या बाँबहल्ल्यात तिची नासधूस झाली, पण जुन्या चित्रांवरून ती पुन्हा जशीच्या तशी उभारता आली. कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे शहराने १९५७ मध्ये ओकायामाशी भगिनी करार केला आणि १९६५ मध्ये केली पार्कमध्ये कोराकुएनच्या धर्तीवर जपानी मैत्री उद्यान उघडले. पुढच्या वर्षी ओकायामाने तिथल्या तळ्यांसाठी रंगीत कोई मासे पाठवले. याच सॅन होजेने १९९२ मध्ये पुण्याशी करार केला. आणि पुण्यात, सिंहगड रस्त्यावर, २००६ मध्ये कोराकुएनच्याच प्रेरणेने पुणे-ओकायामा मैत्री उद्यान उभे राहिले. सुमारे दहा एकरांच्या या बागेला पु. ल. देशपांडे यांचे नाव आहे. ‘पूर्वरंग’मध्ये मराठी वाचकाला जपान दाखवणाऱ्या लेखकाचे नाव जपानी बागेला मिळाले, याहून उचित काही सुचले नसते.

ही बाग पाहायची तर रविवारची संध्याकाळ टाळावी. कालव्याच्या पाण्यावर वाहणारा ओढा, त्यावरचे लहान लाकडी पूल, तासून काढल्यासारखी उंचसखल हिरवळ आणि पाण्यात तरंगणारे केशरी मासे पाहायला निवांतपणा लागतो. हिरवळीवर पाय ठेवला की रखवालदाराची शिट्टी वाजते. लहान मुले हिरमुसतात. पण कोराकुएनमध्येही हिरवळ बघायची, तुडवायची नाही, हीच रीत आहे. पुण्यातल्या कित्येक कुटुंबांना ओकायामा हे नाव भूगोलाच्या पुस्तकातून नव्हे, या बागेच्या पाटीवरून कळले. या मैत्रीचा एवढा उपयोग झाला तरी पुष्कळ झाले.

सॅन होजेशी असलेले नाते दुसऱ्या वाटेने घट्ट झाले. संगणकाच्या व्यवसायात पुण्याचे हजारो तरुण सिलिकॉन व्हॅलीत गेले, त्यांनी तिथे मराठी शाळा काढल्या, गणपती बसवले. उत्तर अमेरिकेतल्या बृहन्महाराष्ट्र मंडळाचे २०२४ चे अधिवेशन सॅन होजेमध्येच भरले. महापौरांनी सह्या केल्या नसत्या तरी ही माणसे गेली असती, हे खरे. पण करारामुळे त्या ये-जेला नगराच्या दप्तरात नाव मिळाले.

पुणे आणि जर्मनीतले ब्रेमेन यांच्या मैत्रीचा उगम नागरिकांत आहे. दोन्ही शहरांतल्या स्वयंसेवी संस्थांनी आणि कार्यकर्त्यांनी ती आधी चालवली, पालिका मागाहून आली. औंधमधला ब्रेमेन चौक हे तिचे पुणेकरांना रोज दिसणारे चिन्ह. मॉरिशसमधले व्हाकोआ-फिनिक्स हे पुण्याचे आणखी एक भगिनी शहर. त्या बेटावर कोकणातून गेलेल्या मजुरांचे वंशज आजही मराठी म्हणवतात आणि गणेश चतुर्थीला तिथे सरकारी सुट्टी असते, त्यामुळे हे नाते खरे तर भावकीचे. छत्रपती संभाजीनगर, त्या वेळचे औरंगाबाद, मे २०१५ मध्ये चीनमधल्या दुनहुआंगचे भगिनी शहर झाले. अजिंठ्याहून निघालेली बौद्ध भित्तिचित्रांची परंपरा रेशीम मार्गावरून दुनहुआंगच्या मोगाओ लेण्यांपर्यंत गेली, त्यामुळे ही जोडी सुचवणाऱ्याची नजर दाद देण्याजोगी आहे. जपानच्या वाकायामा प्रांताशी महाराष्ट्राने २०१३ मध्ये पर्यटन आणि अन्नप्रक्रिया यांसाठी करार केला. दोन वर्षांनी त्या प्रांतातल्या कोयासान विद्यापीठात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा उभा राहिला.

महाराष्ट्रातल्या करारांची एक उणीव ठळक आहे : ते महानगरांच्या खाली उतरलेले नाहीत. इंग्लंड-फ्रान्समध्ये हा व्यवहार खेड्यांनी उचलून धरला, कारण खेड्यात पाहुणा कोणाकडे उतरला हे सगळ्यांना ठाऊक असते. वसई तालुक्यातले जूचंद्र हे अशा नात्याला शोभेल असे गाव आहे. टेकडीवर चंडिका देवीचे देऊळ, पायथ्याशी आगरी वस्ती, वसई रोड-दिवा मार्गावरचे रेल्वे स्थानक. आणि गावाची खरी ओळख म्हणजे रांगोळी. दिवाळीत इथल्या कलाकारांच्या रांगोळ्यांची प्रदर्शने भरतात. बोटांच्या चिमटीतून सुटणाऱ्या रंगांनी हे कलाकार माणसांचे चेहरे, डोळ्यांतली ओल, कपड्यांच्या घड्या जमिनीवर उभ्या करतात. मग सण संपला की सारे पुसून टाकतात. एखाद्या फ्रेंच गावातली चित्रशाळेची मुले आठवडाभर जूचंद्रच्या घरांत राहिली, चिमूट धरायला शिकली, आणि पुढच्या वर्षी इथल्या मुलांनी त्यांच्या चौकात रांगोळी काढली, तर जे घडेल ते कोणत्याही शिष्टमंडळाच्या हातून घडणार नाही. गाव वसई-विरार शहर महानगरपालिकेत असल्याने सही पालिकेची लागेल. घरे उघडायची आहेत गावाने.

भारतातल्या कोणत्याही पालिकेला परदेशी शहराशी असा करार करण्याआधी परराष्ट्र मंत्रालयाची परवानगी घ्यावी लागते. राज्यांच्या आणि शहरांच्या परदेशी संबंधांसाठी मंत्रालयात २०१४ पासून वेगळा विभाग आहे. अलीकडच्या जोड्यांचा रोख सणसमारंभापेक्षा कारभारावर अधिक असतो. युरोपीय संघाच्या शहरी सहकार्य कार्यक्रमातून नागपूरची जोडी जर्मनीतल्या कार्ल्सरूह शहराशी जमली. शहराच्या ट्राम थेट रेल्वेच्या रुळांवरून आसपासच्या गावांपर्यंत नेण्याची पद्धत त्या शहराने जगाला दिली, आणि नागपूरच्या वाहतूक नियोजकांना तिच्यात रस असणे स्वाभाविक होते.