जे. बी. नावाचा रुग्ण

16 मार्च 1819 रोजी लंडनमधील एका वैद्यकीय मंडळापुढे डॉ. जॉन बोस्टॉक यांनी एका रुग्णाची हकिगत वाचून दाखवली. रुग्ण ‘जे. बी.’, वय 46. वयाच्या आठव्या वर्षापासून दर उन्हाळ्यात त्याचे डोळे लाल होऊन चुरचुरत, शिंकांमागून शिंका येत, नाक वाहू लागे, छाती आवळल्यासारखी होई. हा जे. बी. म्हणजे स्वतः बोस्टॉकच. तृतीयपुरुषी निवेदनाआड दडलेले हे आत्मकथन आधुनिक वैद्यकातील ‘हे फीवर’चे, म्हणजेच ऋतुमानानुसार होणाऱ्या अ‍ॅलर्जिक ऱ्हायनायटिसचे, पहिले सुस्पष्ट वर्णन मानले जाते. आठ वर्षांच्या मुलाला जे होत होते ते कागदावर यायला 38 वर्षे लागली, आणि तेही ते मूल पुढे डॉक्टर झाले म्हणून.

1828 साली बोस्टॉक यांनी दुसरा निबंध सादर केला, तेव्हा त्यांच्याजवळ अवघ्या 28 रुग्णांच्या नोंदी होत्या. सगळे मध्यम वा उच्च वर्गातले. गरीब त्यांत एकही नव्हता. गरिबांना हा विकार होत नव्हता, की त्यांच्या शिंका नोंदवण्याइतक्या महत्त्वाच्या कोणाला वाटत नव्हत्या, हा प्रश्न इथे उभा राहतो. विकाराचे लोकप्रिय नावही फसवेच. त्यात ताप नसतो, आणि वाळलेले गवत हे त्याचे कारण नव्हे.

खरे कारण मँचेस्टरच्या चार्ल्स ब्लॅकली यांनी 1873 साली सप्रमाण मांडले. तेही याच विकाराने पीडित होते. त्यांनी परागकण स्वतः हुंगले, खरवडलेल्या त्वचेवर लावून पाहिले, पतंगाला चिकट काचपट्ट्या बांधून उंचावरच्या हवेतले परागकण मोजले. दोष गवताच्या परागांचा ठरला. मात्र परागांत दिवसभर वावरणाऱ्या शेतकऱ्यांत हा विकार कमी आणि सुशिक्षितांत अधिक, हे कोडे त्यांनाही पडले. अमेरिकेत जॉर्ज बिअर्ड यांनी 1876 साली त्याचा संबंध नाजूक मज्जासंस्थेशी जोडला. शिंक ही जणू अभिरुचीची खूण ठरली.

‘अ‍ॅलर्जी’ हा शब्द आला 1906 मध्ये. तो घडवणारे क्लेमेन्स फॉन पिर्के हे व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ. घोड्याच्या रक्तापासून केलेले सीरम टोचलेल्या मुलांच्या शरीराचा बदललेला प्रतिसाद पाहून त्यांना या शब्दाची गरज भासली. मराठीत ‘वावडे’ हा शब्द होताच. पण त्याला नावडीची छटा आहे. ‘त्याला अभ्यासाचे वावडे आहे’ असे आपण म्हणतो, तेव्हा दोष त्याच्या स्वभावाला देतो. पिर्के यांच्या शब्दात असा ठपका नाही.

ठपका पुढे कुटुंबावर आला. डेव्हिड स्ट्रॅकन यांनी 1989 साली 17,414 ब्रिटिश मुलांच्या नोंदी तपासल्या. ही सारी 1958 च्या मार्चमधील एकाच आठवड्यात जन्मलेली. ज्यांना भावंडे, विशेषतः थोरली भावंडे, अधिक होती, त्यांच्यात हा विकार कमी आढळला. लहानपणी भावंडांकडून होणारे संसर्ग संरक्षण देत असावेत, असा त्यांचा तर्क होता. लोकांपर्यंत मात्र तो ‘अति स्वच्छतेने मुले बिघडतात’ अशा सोप्या रूपात पोहोचला, आणि घर झाडणारी आई आरोपी झाली. पुढील संशोधन हात धुण्याला दोषी धरत नाही. माती, प्राणी, माणसे यांच्यासोबत येणाऱ्या विविध सूक्ष्मजीवांशी लहानपणी जडणाऱ्या सहवासाकडे ते बोट दाखवते. आनुवंशिकतेचा वाटाही मोठा आहे.

आपल्याकडे, विशेषतः कोकणपट्टीच्या दमट हवेत, गाद्या-उशांतले धूलिकीटक आणि भिंतींवरची बुरशी ही कारणे ठळक असतात. अंथरूण गरम पाण्यात धुणे, ओल हटवणे, खारट पाण्याने नाक स्वच्छ करणे आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने नाकातला स्टिरॉइड फवारा वा झोप न आणणारी गोळी घेणे, एवढ्याने बहुतेक मुलांना आराम पडतो. त्याने भागले नाही तर अ‍ॅलर्जनची मात्रा हळूहळू वाढवत देण्याचा उपचार आहे; त्याची सुरुवात लिओनार्ड नून यांनी 1911 साली केली.

नाक चोंदल्याने रात्रभर नीट न झोपलेले मूल सकाळी वर्गात पेंगते, तळव्याने नाक वर घासत राहते, आणि शिक्षक त्याला बेफिकीर समजतात. त्याची हकिगत लिहिणारा जे. बी. तिथे नसतो. ‘रात्री झोप लागते का?’ एवढे तरी आपण शिक्षकांनी त्याला विचारायला हवे.