नाशिक–मुंबई हवाई अंतर : एक ऐतिहासिक विचार

दोन शहरांमधील हवाई अंतर ही भूगोलाची बाब मानली जाते. इतिहासाच्या अभ्यासकाने मात्र अंतर किलोमीटरऐवजी प्रवाशाच्या वेळेत मोजावयास हवे. प्रस्तुत लेखात नाशिक–मुंबई या मार्गाचा या दृष्टीने विचार केला आहे.

मुंबई विमानतळ ते ओझर हे सरळ रेषेतील अंतर सुमारे १५५ कि.मी. आहे. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून नाशिकरोडपर्यंतचा लोहमार्ग सुमारे १८७ कि.मी. भरतो. आरंभस्थाने भिन्न असली तरी हा फरक अपेक्षेपेक्षा बराच लहान आहे. थळ घाटातील लोहमार्ग १८६५ साली खुला झाला. तेथील चढ ३७ फुटांस एक फूट इतका तीव्र असून आजही अनेक गाड्यांना कसाऱ्यास जादा इंजिने लावावी लागतात. घाटाने रेल्वेचा वेग घेतला. मार्ग फारसा लांबविला नाही. त्यामुळे विमानाला येथे वाचविण्यासारखे अंतर थोडेच उरले.

ओझरच्या विमानतळाचा जन्मही प्रवाशांसाठी झालेला नाही. १९६२च्या चीन युद्धानंतर यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले आणि १९६३ साली नाशिकमधूनच लोकसभेवर बिनविरोध निवडून गेले. १९६४ साली ओझर येथे मिग विमानांच्या बांधणीचा कारखाना सुरू झाला. धावपट्टी आली ती या कारखान्याच्या गरजेतून. नागरी प्रवाशांचे टर्मिनल उभे राहण्यास २०१४ साल उजाडावे लागले. हा पन्नास वर्षांचा विलंब नाशिककरांच्या उदासीनतेवर ढकलणे प्रस्तुत लेखकास मान्य नाही.

‘उडान’ योजनेखाली २३ डिसेंबर २०१७ रोजी एअर डेक्कनने वीसहून कमी आसनांच्या विमानाने नाशिक–मुंबई सेवा सुरू केली. उड्डाणाचा वेळ सुमारे चाळीस मिनिटांचा. पण शहरापासून ओझर वीस कि.मी.; तेथे तासभर आधी पोहोचावयाचे; आणि मुंबईत उतरल्यावर फोर्ट गाठण्यास आणखी तासभर. बेरीज तीन तासांच्या पुढे जाते. १९७५ पासून धावणारी पंचवटी एक्सप्रेस नाशिकरोडहून तीन-साडेतीन तासांत थेट फोर्टाच्या दारात सोडते, तेही मासिक पासावर! शिवाय मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात. एकावेळी प्रायः एकच वापरता येत असल्याने लहान विमानास सोयीची वेळ मिळणे दुरापास्त. ही सेवा टिकली नाही, यात नवल ते काय?

याउलट दिल्ली पाहावी. सरळ अंतर सुमारे हजार कि.मी., उड्डाण दोन तासांचे आणि रेल्वेने मात्र जवळजवळ अख्खा दिवस. येथे विमान खरोखर दिवस वाचविते. जेट एअरवेजने जून २०१८ मध्ये ही सेवा सुरू केली. एप्रिल २०१९ मध्ये कंपनीच बंद पडल्याने ती खंडित झाली, तरी तिचे कारण अंतरात नव्हते. मार्च २०२३ मध्ये इंडिगोने ओझरहून उड्डाणे सुरू केली, तीही गोवा, अहमदाबाद व नागपूर या दूरच्या शहरांकडे.

मुंबईचे अंतर अखेर जमिनीवरच घटले. ५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी–आमणे हा ७६ कि.मी.चा शेवटचा टप्पा खुला झाला. त्यावरील इगतपुरीजवळचा बोगदा सुमारे आठ कि.मी. लांबीचा असून मोटारीने जाणाऱ्यास आता कसारा घाट चढावा लागत नाही.