चार या आकड्याची गोष्ट

गेल्या वैशाखात साठी पूर्ण झाली म्हणून आमच्या ह्यांनी बेळगावातल्या एका लॅबमध्ये सगळ्या तपासण्यांचं पॅकेज करून घेतलं. साखर, कोलेस्टेरॉल, थायरॉइड, सगळं ठीक होतं. शेवटच्या पानावर मात्र एक ओळ ठळक अक्षरांत होती: पीएसए ५.८, आणि शेजारी मर्यादा ४.०. दिवस मावळायच्या आत आमची जेवणं होतात. त्या संध्याकाळी ह्यांच्या ताटातली भाकरी तशीच राहिली. "कॅन्सरच असणार," एवढं बोलून ह्यांनी रिपोर्ट घडी घालून दुकानाच्या वहीत ठेवला. चार दिवस घरात त्यावर कुणी अवाक्षर काढलं नाही.

बी.ए.ला माझा विषय इतिहास. विज्ञान मला बेताचंच कळतं. पण एखादी गोष्ट कळेना की ती कधी आणि कशासाठी सुरू झाली ते बघायचं, ही सवय त्या विषयाने लावली. म्हणून हा चारचा आकडा आला कुठून, ते शोधायला बसले.

प्रोस्टेट ही पुरुषांच्या मूत्राशयाखाली असणारी अक्रोडाएवढी ग्रंथी. १९३८ साली अमेरिकेत अलेक्झांडर आणि एथेल गटमन यांनी दाखवलं की तिचा कर्करोग शरीरात पसरला की रक्तात ॲसिड फॉस्फटेज नावाचं द्रव्य वाढतं. १९४१ मध्ये शिकागोच्या चार्ल्स हगिन्स आणि क्लॅरेन्स हॉजेस यांनी हीच तपासणी वापरून सिद्ध केलं की पुरुषी संप्रेरक कमी केलं तर हा रोग मागे हटतो. हगिन्सना १९६६ मध्ये नोबेल मिळालं. म्हणजे सुरुवातीला रक्ताला विचारलेला प्रश्न असा होता: रोग आहे हे ठाऊक आहे, आता उपचार लागू पडतोय का?

पीएसएची कहाणीही तशीच सुरू झाली. १९७० मध्ये रिचर्ड ॲब्लिन आणि सहकाऱ्यांनी प्रोस्टेटमध्येच सापडणाऱ्या प्रतिजनांची नोंद केली. १९७१ मध्ये जपानात मित्सुवो हारा यांनी वीर्यातलं असंच एक प्रथिन वेगळं केलं, तेही गुन्ह्याच्या तपासात उपयोगी पडावं म्हणून! १९७९ मध्ये बफेलोच्या रॉसवेल पार्क संस्थेत ते प्रोस्टेटमधून शुद्ध स्वरूपात मिळवलं गेलं. वीर्य पातळ करणं हे त्याचं नेहमीचं काम. इथे मी थांबले. हे द्रव्य कर्करोगाचं नव्हेच, ते प्रोस्टेटचं आहे. निरोगी माणसाच्या रक्तातही ते थोडं असतंच. वयानुसार ग्रंथी वाढली, लघवीत जंतुसंसर्ग झाला, ग्रंथीला सूज आली, तरी ते वाढतं.

१९८६ मध्ये अमेरिकी सरकारने या तपासणीला परवानगी दिली, ती रोग्यांवर लक्ष ठेवण्यासाठी. मग १९९१ मध्ये विल्यम कॅटलोना यांनी पन्नाशीपुढच्या १,६५३ धडधाकट पुरुषांचं रक्त तपासलं. ४ ते ९.९ या टप्प्यातल्या ज्या पुरुषांची बायोप्सी झाली, त्यांच्यात शेकडा बावीस जणांना कर्करोग निघाला. १९९४ मध्ये बोटाच्या तपासणीच्या जोडीने रोग शोधण्यासाठीही परवानगी मिळाली. आकडा तोच राहिला, प्रश्न बदलला: रोग आहे का?

ह्या नव्या प्रश्नाला आकडा नीट उत्तर देईना. २००४ मध्ये एका मोठ्या अमेरिकी अभ्यासातून कळलं की पीएसए कधीच चारच्या वर न गेलेल्या पुरुषांतही शंभरातल्या पंधरा जणांच्या बायोप्सीत कर्करोग होता. २००९ मध्ये दोन मोठे निकाल एकदमच आले. युरोपातल्या अभ्यासात तपासणीमुळे मृत्यू घटले, पण एक मृत्यू टाळायला १,४१० जणांना तपासावं लागलं आणि जादा ४८ जणांवर उपचार करावे लागले. अमेरिकेतल्या अभ्यासात फरकच दिसला नाही, कारण ज्यांना तपासायचं नव्हतं त्यांतले पुष्कळ जण स्वतःच बाहेर तपासून आले होते. हे कर्करोग बऱ्याचदा इतके सावकाश वाढतात की जन्मभर त्रास देत नाहीत. शस्त्रक्रियेनंतर मात्र लघवीवरचा ताबा जाण्याचा धोका खरा असतो. २०१० मध्ये खुद्द ॲब्लिन यांनीच सरसकट तपासणीवर जाहीर टीका केली. अमेरिकेच्या तज्ज्ञ समितीने २०१२ मध्ये ती नकोच म्हटलं. २०१८ मध्ये सूर बदलला: ५५ ते ६९ वयाच्या पुरुषाने डॉक्टरांशी बोलून स्वतः ठरवावं, सत्तरीनंतर करू नये.

आपल्याकडे अनेकान्त लहानपणापासून कानावर पडतो. एका बाजूने पाहिलेलं खरं असतं, पण तेवढंच खरं नसतं. पाचव्या दिवशी मी वहीतून रिपोर्ट काढला. "अहो, हा आकडा कॅन्सर आहे असं म्हणत नाही. असेलही, नसेलही, विचारून घ्या, एवढंच म्हणतो," म्हटलं. "तुला काय कळतंय त्यातलं?" म्हणाले, पण चप्पल घातली.

डॉक्टरांनी बोटाने तपासलं, लघवी तपासायला दिली. संसर्ग निघाला. औषध झालं, सहा आठवड्यांनी रक्त पुन्हा दिलं: ३.९. येताना ह्यांनी अर्धा किलो पेढे घेतले. पेढा मीही खाल्ला, पण २००४ चा तो अभ्यास डोक्यातून जाईना. ५.८ म्हणजे शिक्षा नव्हती, तशी ३.९ ही माफीही नाही. पुढची तपासणी कधी करायची ते डॉक्टरांना फोन करून विचारलं आणि ती तारीख कॅलेंडरवर लिहिली. आता रिपोर्ट दुकानाच्या वहीत नसतो. दिवाणखान्यातल्या कपाटात फाइलला लावलेला असतो, घरातल्या कुणालाही दिसेल असा.