खड्डा दिसला की कचरा

माझी मावशी फुरसुंगीला राहते. मी पीएचडीसाठी इंग्लंडला निघालो तेव्हा तिने विचारलं, "काय रे, तिथं जाऊन तू शिकणार तरी काय?" मी ऐटीत सांगितलं, "कॉम्प्युटरवर नकाशे रचून कचरा पुरायला योग्य जागा कशी शोधायची, ते." पुण्याचा कचरा जिच्या दाराशी येऊन पडत होता ती बाई यावर काय बोलणार? म्हणाली, "मग तुझ्या त्या नकाशात आमची विहीर तेवढी दाखव."

तेव्हा मी हसलो होतो. इथे आल्यावर ब्रिटनमधल्या कचऱ्याचा इतिहास वाचला आणि हसू थांबलं.

आपल्याला उगाच वाटतं की साहेबाने सगळं आधीपासून आखून-रेखून केलं असेल. तसं काही नाही. इथला जुना नियम एकच: खड्डा दिसला की कचरा. विटांसाठी माती काढली, रस्त्यांसाठी खडी काढली, मागे खड्डा उरला. तो कचऱ्याने भरला की कचऱ्याची सोय होते आणि वर सपाट जमीनही मिळते. १९७४ च्या प्रदूषण नियंत्रण कायद्याने अशा जागांना परवाना लागू लागला. पण कचऱ्यातून झिरपणारं घाण पाणी जमिनीत मुरेल, पातळ होईल आणि निरुपद्रवी होईल, हा विश्वास पुढेही बराच काळ टिकला.

डर्बीशरमध्ये लॉस्को नावाचं गाव आहे. तिथल्या वीटभट्टीच्या जुन्या माती-खाणीत घरगुती कचरा भरला होता. भरून झाल्यावर वरून चिकणमातीचा थर दिला. काम अगदी नीटनेटकं. पण कचरा कुजून तयार होणाऱ्या मिथेनला आता वर जायला वाट उरली नाही. तो आडवा सरकला, खडकातल्या सच्छिद्र थरांतून आणि भेगांतून. २४ मार्च १९८६ च्या पहाटे हवेचा दाब सात तासांत २९ मिलिबारने उतरला. बाहेरचा दाब कमी झाला की जमिनीतला वायू बाहेर ओढला जातो. साडेसहाच्या सुमारास क्लार्क ॲव्हेन्यूवरचा एक बंगला स्फोटात जमीनदोस्त झाला. आतली तिन्ही माणसं वाचली, पण गंभीर जखमी झाली.

खड्डा कुठे आहे हे सगळ्यांना माहीत होतं. त्याच्या भिंतीमागचा खडक कसा आहे आणि तो कुणाच्या घराखाली जातो, हे मात्र जागा निवडताना कुणी पाहिलं नव्हतं. त्यानंतर इथे कचऱ्यातल्या वायूकडे गांभीर्याने पाहिलं जाऊ लागलं.

जीआयएस, म्हणजे भौगोलिक माहिती प्रणाली, नेमकी इथे कामाला येते. नाव भारदस्त असलं तरी कल्पना साधी आहे. एका ट्रेसिंग पेपरवर नद्या, दुसऱ्यावर खडक, तिसऱ्यावर वस्ती, चौथ्यावर रस्ते काढायचे आणि सगळे कागद एकमेकांवर ठेवायचे. इयन मॅकहार्ग या मूळच्या स्कॉटिश माणसाने १९६९ च्या आपल्या पुस्तकात हेच पारदर्शक कागदांनी करून दाखवलं होतं. कॉम्प्युटरने ते वेगवान केलं, इतकंच.

थर रचायच्या दोन रीती आहेत. एक चाळणीची: विहिरीपासून अमुक मीटरच्या आत असलं की बाद. दुसरी गुणांची: भूजलाला इतके गुण, वाहतूक खर्चाला इतके, मग बेरीज. गुणांच्या रीतीत एक मेख आहे. हे गुण कॉम्प्युटर ठरवत नाही, माणूस ठरवतो. माझ्या पहिल्याच सरावात मी वाहतुकीचे गुण जरा वाढवले, तर योग्य जागांचे हिरवे ठिपके सरकत शहराच्या कडेला येऊन बसले. जमीन तीच होती, नकाशा मात्र बदलला.

म्हणून नकाशा कुणाला दाखवला जातो याला महत्त्व आहे. त्याच १९८६ साली नायरेक्स या संस्थेने कमी किरणोत्सारी कचरा जमिनीत उथळ पुरण्यासाठी चार जागा जाहीर केल्या: एल्स्टो, ब्रॅडवेल, फुलबेक आणि साउथ किलिंगहोम. गावकऱ्यांनी सर्वेक्षणवाल्यांच्या वाटा अडवल्या. मे १९८७ मध्ये, सार्वत्रिक निवडणूक महिन्यावर असताना, चारही जागा सोडून दिल्या गेल्या. मग खोल पुरण्यासाठी ५३७ जागांची यादी चाळून बारावर आणली गेली, पण ती यादी लोकांसमोर आली थेट २००५ मध्ये. दरम्यान सेलाफील्डची जागा पुढे आली आणि तिथल्या भूगर्भ प्रयोगशाळेला सरकारने मार्च १९९७ मध्ये परवानगी नाकारली. याच काळात न्यूकॅसल विद्यापीठातले स्टॅन ओपनशॉ आणि स्टीव्ह कार्व्हर हे भूगोलतज्ज्ञ जीआयएस घेऊन याच प्रश्नाला भिडले होते. निकष बदलले की जागा कशा बदलतात, हे बाहेरच्या माणसालाही तपासता येतं, हे त्यांच्या कामातून दिसलं.

आपल्याकडे २०१६ च्या घनकचरा नियमांत नदीपासून १०० मीटर, वस्ती आणि पाणीपुरवठ्याच्या विहिरीपासून २०० मीटर, विमानतळापासून २० किलोमीटर अशी अंतरं दिली होती. एवढ्यावरून चाळणीचा नकाशा मी एका दुपारी करून देईन. पण शेतातली विहीर सरकारी नकाशात नसेल, तर कॉम्प्युटरच्या लेखी ती नाहीच. लॉस्कोच्या खडकातल्या भेगा अशाच कुणाच्या नकाशात नव्हत्या. कोणता थर राहून गेला, हे तिथे राहणाऱ्यालाच सांगता येतं. पण त्यासाठी नकाशा त्याला आधी दाखवावा लागतो, कचऱ्याची गाडी दारात आल्यावर नव्हे.

गेल्या खेपेला पुण्याला गेलो तेव्हा लॅपटॉप उघडून मावशीला फुरसुंगीचा नकाशा दाखवला. तिने चष्मा लावला, बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "विहीर कुठंय?"

खरंच नव्हती. मग तिने बोट ठेवलं तिथे मी एक ठिपका दिला.