खटकणाऱ्या शब्दप्रयोगांचा इतिहास

अमुक शब्दप्रयोग कानाला खटकतो, ही तक्रार मराठीत लिहिणाऱ्या व बोलणाऱ्या प्रत्येकाच्या परिचयाची आहे. आज ती 'च्या माध्यमातून' या पालुपदाविषयी, वक्त्यांच्या वाक्यावाक्यात येणाऱ्या 'या ठिकाणी' विषयी आणि 'माझी मदत करा', 'खूप सारे' अशा हिंदी वळणाच्या प्रयोगांविषयी ऐकू येते. तक्रार करणाऱ्याची अशी समजूत असते की, पूर्वीचे लोक शुद्ध बोलत व भाषा बिघडली ती अलीकडे. वस्तुतः या नाराजीला निदान साडेतीनशे वर्षांचा लेखी इतिहास आहे. आणि तो तपासून पाहिला असता कोणती नाराजी क्षणिक व कोणती साधार, हे बऱ्याच अंशी ठरविता येते.

या इतिहासाचा पहिला ठळक टप्पा म्हणजे शिवाजी महाराजांच्या आज्ञेने रचलेला रघुनाथपंत हणमंते यांचा 'राज्यव्यवहारकोश'. दरबारी व्यवहारातल्या सुमारे १३८० शब्दांना त्यात संस्कृत प्रतिशब्द दिले आहेत. इतिहासाचार्य राजवाडे यांनी १६२८, १६७७ व १७२८ या सालांतील कागद तपासून त्यांतील शब्दांची मोजदाद केली. पहिल्या कागदात मराठी शब्द शेकडा १४ च्या आसपास, दुसऱ्यात ६२ आणि तिसऱ्यात ९३ भरले. परकीय शब्दांविषयीची अप्रीती राजसत्तेचे पाठबळ मिळाल्यावर काय करू शकते, याचे हे बोलके उदाहरण होय. परंतु याच आकड्यांची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. अर्ज, हजर, तारीख, जमीन हे शब्द त्या झाडणीतून सुटले आणि आज ते परके आहेत असे सांगितल्यावाचून कोणाला कळतही नाही. 'हवा खाणे' हा प्रयोग तर फारसी वाक्प्रचाराचा सरळ अनुवाद. पण त्याने आज कोणाचा कान दुखावत नाही.

इंग्रजी अमलात हाच क्रम पुन्हा घडला. १८३२ साली बाळशास्त्री जांभेकरांनी काढलेल्या 'दर्पण'च्या पानावर इंग्रजी आणि मराठी मजकूर शेजारी-शेजारी दोन स्तंभांत छापला जाई. पुढील शतकभर सुशिक्षितांच्या मनात मराठी वाक्य कसे घडत गेले, त्याचे हे पान म्हणजे जणू चित्रच आहे. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ साली 'निबंधमाला' सुरू केली ती मराठीच्या सांप्रतच्या स्थितीची चिकित्सा करीतच. तथापि त्यांच्या स्वतःच्या गद्याची डौलदार घडण मेकॉले आणि जॉन्सन यांच्या सहवासात झाली, हे समीक्षकांनी वारंवार दाखविले आहे. 'प्रकाश टाकणे', 'भूमिका बजावणे' हे प्रयोग इंग्रजीवरून आले आणि आता भाषाशुद्धीचे कैवारीही ते निःशंकपणे वापरतात.

विसाव्या शतकात सावरकरांनी भाषाशुद्धीची चळवळ उभारली. फारसीचे अध्यापक आणि 'फारसी-मराठी कोशा'चे कर्ते माधव जूलियन यांची पूर्वीची कविता फारसी शब्दांनी नटलेली होती. तेही पुढे त्या पक्षाला मिळाले आणि १९३८ साली त्यांनी 'भाषाशुद्धि-विवेक' लिहिला. महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर १९६२ मध्ये शासनाचा 'पदनाम कोश' निघाला, तेव्हा आचार्य अत्रे यांनी त्याला 'बदनाम कोश' ठरविले. आता नाराजीचा रोख उलटला होता: पूर्वी परके शब्द खटकत, आता संस्कृताधारित घडीव शब्द खटकू लागले. पण पुढे काय झाले? दिनांक, क्रमांक, संचालक, अधीक्षक हे शब्द शिपायापासून सचिवापर्यंत सर्वांच्या तोंडी बसले. आणि 'दिनांका'शेजारी 'तारीख'ही सुखाने नांदत राहिली.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. शब्दाच्या परकेपणाबद्दलची चीड सहसा दोन पिढ्यांपलीकडे टिकत नाही. ती शब्दावर असते त्याहून अधिक तो शब्द प्रथम ज्यांच्या तोंडून आला त्या माणसांवर असते: दरबारी कारकुनावर, साहेबाच्या दुभाष्यावर, शासकीय परिभाषाकारावर. ती माणसे विस्मृतीत गेली की शब्द निर्दोष ठरतो. 'माझी मदत करा' या प्रयोगाचेही असेच होईल, असे मानण्यास जागा आहे.

मात्र एका प्रयोगाविषयीची नाराजी मला निराळ्या कोटीतली वाटते. 'आपला अर्ज विचाराधीन असून यथावकाश योग्य ती कार्यवाही करण्यात येईल,' या वाक्यातला एकही शब्द आज अनोळखी नाही. तरी ते वाचणाऱ्याचा जीव मेटाकुटीस येतो. याचे कारण व्याकरणात आहे. विचार कोण करीत आहे, कार्यवाही कोण करणार, हे या वाक्यरचनेत सांगावेच लागत नाही. साचेबंदपणा हा काही याचा खास दोष नव्हे. पेशवाईतील पत्रांचे मायने याहून अधिक साचेबंद होते. पण त्यांत लिहिणाराचे नाव आरंभीच येई, ज्याने काम करावयाचे त्याला उद्देशून 'तुम्ही अमुक करणे' असे लिहिले जाई आणि शेवटी 'जाणिजे' असे बजावले जाई. आज्ञा कोणाची व जबाबदारी कोणाची, हे वाचणाऱ्याला कळत असे. राजेशाहीच्या कागदात जो कर्ता स्पष्ट दिसतो तो लोकशाहीच्या कागदातून नाहीसा व्हावा, हे विचार करण्याजोगे आहे. १९६४ चा राजभाषा अधिनियम झाला तो प्रजेला राज्यकारभार आपल्या भाषेत कळावा म्हणून; आणि कर्ता लपविणारे वाक्य मराठीत असूनही तो हेतू विफल करते.

भाषांतरकाराला हे विशेष जाणवते. परका शब्द समोर आला तर प्रतिशब्द शोधता येतो, नाही सापडला तर मूळ शब्द ठेवता येतो. पण 'करण्यात येईल' याचे हिंदी करावे तर 'की जाएगी' एवढेच हाती येते. मुळात जी जागा रिकामी, ती भाषांतरातही रिकामीच राहते. ती आपल्या पदरच्या कर्त्याने भरण्याचा अधिकार भाषांतरकाराला नाही.

म्हणून भाषेविषयी चिडणाऱ्यांनी आपली चीड जपून खर्च करावी, असे सुचवावेसे वाटते. शब्द कोठून आला, हा प्रश्न काळावर सोपविण्यास हरकत नाही. काळाने तो आजवर बरा सोडविला आहे. वाक्यातला कर्ता कोठे गेला, हा प्रश्न मात्र काळ सोडवीत नाही. तो लेखकांनी, संपादकांनी आणि अर्ज करणाऱ्या सामान्य माणसाने विचारीत राहिले पाहिजे.