आपण सगळेच अंगठाबहाद्दर

पनवेलमध्ये जमिनी आणि फ्लॅटचे व्यवहार किती होतात हे वेगळं सांगायला नको. त्यामुळे इथल्या नातलगांपैकी बहुतेकांनी दुय्यम निबंधक कार्यालयात कॅमेऱ्यासमोर बसून त्या छोट्याशा काचेवर अंगठा टेकवलेला असणार! पण आजकाल अशा काचेवरचा ठसा वेबपानापर्यंत पोचतो कसा? त्यामागे मोठा इतिहास आहे.

१८५८ साली बंगालमध्ये जंगीपूरला विल्यम हर्शेल या साहेबाने एका कंत्राटदाराच्या पंजाचा ठसा करारावर घेतला. पुढे २००१ मध्ये आपल्या नोंदणी कायद्यात ३२अ हे कलम आलं आणि दस्तावर फोटो व बोटांचे ठसे सक्तीचे झाले. शाईचं काम सोपं होतं. बोट आणि कागद, मध्ये कोणी नाही.

वेबपानाचं तसं नसतं. ब्राउझर मुद्दामच कोंडून ठेवलेला असतो, नाहीतर कुठलीही साइट परस्पर आपला कॅमेरा चालू करेल! मग या भिंतीला खिडक्या पाडल्या गेल्या. १९९६ च्या सुमारास अ‍ॅक्टिव्हएक्स आणि जावा अ‍ॅपलेट आले. या खिडक्यांतून यंत्रं जोडता यायची, पण चोरही शिरायचे. सप्टेंबर २०१५ मध्ये क्रोमने जुन्या प्लगइनांना कायमचा रामराम ठोकला.

'आधार'ने वेगळी वाट काढली. स्कॅनरशी बोलणारा एक छोटा प्रोग्राम त्याच संगणकावर बसवायचा आणि वेबपानाने १२७.०.०.१ या घरच्याच पत्त्यावर, ११,१०० ते ११,१२० मधल्या एखाद्या पोर्टवर, त्याला हाक मारायची. ठसा पानाच्या हाती पडतो तो कुलूपबंद होऊनच. झकास युक्ती!

पहिला आधार क्रमांक मिळाला तो आपल्याच नंदुरबार जिल्ह्यात, टेंभलीच्या रंजना सोनवणे यांना, २९ सप्टेंबर २०१० रोजी. अशाच गावांतून शेतात आणि वीटभट्टीवर राबून बोटांच्या रेषा झिजतात. यंत्र जोडलेलं असतं, पान उघडलेलं असतं, पण ठसा जुळत नाही. शाईचा ठसा पुसट उठला तरी समोरचा कारकून माणूस बघायचा. यंत्र फक्त रेषा बघतं.

डोळ्याची बाहुली किंवा मोबाइलवरचा ओटीपी हे पर्याय आहेत. पण काउंटरवरच्या माणसाने ते आपणहून पुढे करायला हवेत, नाहीतर खिडकी असूनही माणूस बाहेरच राहतो.

असो. शिकलेसवरलेले आपण सगळेच आता अंगठाबहाद्दर झालो आहोत. निदान ज्यांना हा शब्द आजवर ऐकावा लागला, त्यांना तरी रांगेतून परत पाठवू नये, एवढंच.